रात्रीचा सायकलस्वार व त्याचा दिवा

शेतीच्या मासिकात सायकलीच्या दिव्याचा विषय कशाकरिता, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. बी-बियाणे, खते, पाणी आणि बाजारभाव हे आपले नेहमीचे विषय. त्यांच्या पंगतीस हा विषय बसविण्याचे कारण प्रथम सांगितले पाहिजे. आपल्या शेतीचा बराचसा भाग अंधारात चालतो. कृषिवाहिनीवर जेथे अजून आळीपाळीने रात्रीची वीज मिळते, तेथे गडी मध्यरात्री उठून पंप चालू करण्यास व दारे धरण्यास मळ्याकडे निघतो. दूध घालणारा पहाटे चारच्या सुमारास किटल्या अडकवून संकलन केंद्राचा रस्ता धरतो. भाजीपाला बाजारात उजाडण्यापूर्वी पोहोचला नाही तर त्याला भाव येत नाही. ज्यांना परवडते ते ही कामे मोटारसायकलीवर करतात व तिला दिवा असतोच. सायकल उरली आहे ती गड्याकडे, वृद्धांकडे व शाळेतून उशिरा परतणाऱ्या मुलामुलींकडे. आणि या सायकलींपैकी बहुतेकींना आज दिवा नाही.

प्रस्तुत लेखक लहान होता त्या वेळी अशी स्थिती नव्हती. तालुक्याच्या गावी दिव्याशिवाय सायकल हाकणाऱ्यास पोलीस शिपाई अडवीत असे, चाकातील हवा सोडीत असे व प्रसंगी दंडही होत असे. त्यामुळे कोणी चाकास घासून चालणारा डायनामो बसवी, कोणी रॉकेलचा छोटा दिवा टांगी. पुढे मोटारी वाढल्या, सायकलीची प्रतिष्ठा कमी झाली आणि तिच्या दिव्याकडे पाहणारे कोणी उरले नाही. रस्ते मात्र त्याच काळात रुंद व गुळगुळीत झाले आणि त्यांवरील वाहनांची गती दुपटीने वाढली. म्हणजे दिव्याची गरज जेव्हा सर्वांत जास्त झाली, नेमका तेव्हाच दिवा गेला.

दिसणे व दिसून येणे

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. निवडणुकीचे काम आटोपून आम्ही तिघे कारकून भाड्याच्या जीपने रात्री परतत होतो. ओढ्याचा पूल ओलांडून गाडी चढावर आली आणि चालकाने एकाएकी इतक्या जोराने ब्रेक दाबला की मागील बाकावरील मंडळी पुढे आदळली. समोर चार हातांवर एक सायकलस्वार होता. अंगावर काळे घोंगडे, दोन्ही बाजूंस दुधाच्या किटल्या आणि सायकलीवर दिव्याची खूण नाही. चालक त्याला वाटेल तसे बोलला. तो मनुष्य घाबरला होता, परंतु त्याने जे उत्तर दिले ते अद्याप माझ्या ध्यानात आहे. तो मला म्हणाला, “भाऊसाहेब, तुमच्या गाडीचा उजेड मला पार पुलापासून दिसत होता. मग तुम्हाला मी कसा दिसलो नाही?”

या प्रश्नात सर्व विषय आला. अंधारात चालणाऱ्या मनुष्यास मोटारीचे दिवे कोसभरावरून दिसतात, तिच्या उजेडात आपले हातपाय व पुढील रस्ता स्वच्छ दिसतो. त्यावरून त्याची अशी प्रामाणिक समजूत होते की, ज्याअर्थी मला ती दिसते त्याअर्थी तिला मी दिसत असलो पाहिजे. ही समजूत चुकीची आहे. पाहणे ही एक गोष्ट व दुसऱ्याला दिसून येणे ही निराळी गोष्ट होय. सायकलस्वाराच्या डोळ्यांत मोटारीचा दिवा थेट येतो. मोटार चालविणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र तोच उजेड सायकलस्वाराच्या अंगावर पडून, त्यातील बहुतेक कापडात जिरून, जो काही थोडा उरतो व इतस्ततः विखुरतो, त्याचाही अल्पसा अंश येतो. काळे घोंगडे किंवा गडद स्वेटर असेल तर जवळजवळ काहीच येत नाही.

यात दोन कारणांची आणखी भर पडते. अंधाराला डोळा पुरता सरावण्यास वीस मिनिटांपासून अर्धा तास लागतो. परंतु समोरून येणाऱ्या वाहनाचा प्रखर झोत डोळ्यांवर पडताच तो सराव क्षणात मोडतो व पुढे काही सेकंद चालकास रस्त्याची कड दिसेनाशी होते. सायकलस्वार नेमका त्या कडेनेच चाललेला असतो. दुसरे असे की, मंद उजेडात तांबडा रंग डोळ्याला काळसर भासतो. दिवसा दुरून उठून दिसणारे तांबडे लुगडे किंवा तांबडा पटका रात्री काळ्या कपड्याहून फारसा वेगळा राहत नाही.

गुंठ्याच्या बाजूने हिशेब

शेतकऱ्यास अंतराची कल्पना मीटरपेक्षा गुंठ्यावरून लवकर येते. मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची; एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशी चौरस जागा म्हणजे एक गुंठा. तेव्हा गुंठ्याची एक बाजू ३३ फूट, म्हणजे सुमारे दहा मीटर, असे धरून पुढील हिशेब पाहावा.

मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असता एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर तोडते. समोर काही आहे असे चालकाच्या लक्षात आल्यापासून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर रस्ता कोरडा व ब्रेक चांगले असले तरी थांबण्यास आणखी सुमारे २३ मीटर लागतात. एकूण ४८ मीटर, म्हणजे गुंठ्याच्या जवळजवळ पाच बाजू. वेग ताशी ४० असेल तर हेच अंतर पावणेतीन बाजूंवर येते व ८० असेल तर साडेसात बाजूंवर जाते. रस्ता ओला असल्यास, किंवा मागे उसाची भरलेली ट्रॉली असल्यास, ते याहूनही वाढते.

आता दुसरी बाजू पाहावी. खाली वळविलेल्या दिव्यांच्या उजेडात गडद कपड्यांतील मनुष्य पुष्कळदा २५ ते ३० मीटरांपलीकडे ओळखू येत नाही; म्हणजे अडीच ते तीन बाजू. थांबण्यास पाच बाजू पाहिजेत आणि दिसतात तीन. उरलेल्या दोन बाजूंचा तोटा कोठून भरून काढावयाचा? चालक कितीही सावध असो, निर्व्यसनी असो, देवभोळा असो, ही वजाबाकी त्याच्या हातची नाही. त्या रात्री आमच्या जीपचा वेग चढामुळे कमी होता, एवढ्यावरच तो दूधवाला वाचला.

अपघातांचे आकडे याच दिशेने बोट दाखवितात. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे सन २०२२ मध्ये देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सायकलस्वार सुमारे ४,८०० होते. हे सर्व रात्रीचे नव्हेत. परंतु मोटारीस धडकून सायकलस्वाराने मोटारवाल्याचा जीव घेतला असे कोणी ऐकले नसेल. या व्यवहारात नुकसान नेहमी एकाच पक्षाचे होते.

बैलाचे डोळे व काचेची करामत

रात्री गाडीच्या उजेडात रस्त्याच्या कडेचा बैल अंगाने दिसण्यापूर्वी त्याचे डोळे दोन निखाऱ्यांसारखे चमकतात, हे सर्वांनी पाहिले आहे. बैल, गाय, मांजर, कुत्रा यांच्या डोळ्यांत पडद्याच्या मागे एक चकचकीत थर असतो. बाहेरून आलेला उजेड त्यावरून परतून ज्या दिशेने आला त्याच दिशेस माघारी जातो. मनुष्याच्या डोळ्यात हा थर नाही. याचा परिणाम असा की, अंधाऱ्या रस्त्यावर बैल आपोआप दिसतो व त्याचा धनी दिसत नाही.

जी सोय निसर्गाने मनुष्यास दिली नाही ती त्याने काचेपासून करून घेतली. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यातील हॅलिफॅक्स येथील पर्सी शॉ या गृहस्थाने १९३४ साली रस्त्याच्या मधोमध बसविण्याच्या चमकत्या खुंट्यांचे पेटंट घेतले. मांजराच्या डोळ्यांवरून त्यांना नावही ‘कॅट्स आय’ असेच पडले. आज आपल्या महामार्गांवर ज्या चमकणाऱ्या खुंट्या दिसतात त्या याच कल्पनेचा विस्तार आहेत.

साधा आरसा व ही काच यांतील भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. आरशावर उजेड तिरपा पडला तर तो पलीकडे तिरपा निघून जातो. ज्याने दिवा धरला त्याच्याकडे परत येत नाही. परंतु तीन लहान आरसे एकमेकांशी काटकोनात जोडून कोपरा केला, तर त्या कोपऱ्यात शिरलेला उजेड तिन्ही बाजूंवर आपटून बिनचूक आल्या वाटेने परततो. सायकलीच्या मागील लाल प्लॅस्टिकच्या चकतीत असे शेकडो बारीक कोपरे असतात. चमकत्या कापडी पट्टीत बहुधा बारीक काचेचे मणी असतात व तेही हेच काम करतात. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या मनुष्यांनी तेथे असेच कोपऱ्यांचे आरसे ठेवले. पृथ्वीवरून सोडलेला प्रकाशाचा झोत त्यांवरून परत येतो आणि त्यावरून चंद्राचे अंतर मोजता येते. एवढ्या दुरून जी युक्ती चालते ती आपल्या गावाच्या फाट्यावर चालेल यात शंका नको. चांगली व स्वच्छ चकती मोटारीच्या उजेडात दीडशे मीटरांवरून, म्हणजे गुंठ्याच्या पंधरा बाजूंवरून, चालकास दिसू शकते. ताशी ६० च्या वेगाने तेथवर पोहोचण्यास नऊ सेकंद लागतात. तेवढ्यात शहाणा चालक गती कमी करून बाजूने जातो.

आपल्याकडे या पट्ट्यांना सर्रास ‘रेडियम’ म्हणतात. त्यांत रेडियम नसते व त्या स्वतः उजेडही देत नाहीत. त्यांवर पडलेला उजेड त्या परत करतात एवढेच. नावाच्या या घोटाळ्यामुळे काही लोक अंधारात आपोआप हिरवट चमकणारी चिकटपट्टी घेऊन येतात व फसतात. पारख सोपी आहे. रात्री वस्तू वीस पावलांवर ठेवून विजेरी आपल्या कपाळाशी, डोळ्यांच्या जवळ धरावी व तिच्यावर झोत टाकावा. वस्तू दिव्यासारखी पेटून उठली तर ती खरी. मग तीच विजेरी दुसऱ्याच्या हाती देऊन त्याला दहा पावले बाजूस उभे करावे व तेथून झोत टाकावयास सांगावे. आता ती आपणास मंद दिसेल. याचे कारण उजेड त्याच्याकडे परत गेला. सायकलीच्या परावर्तकांच्या गुणवत्तेसाठी केंद्र सरकारने २०२० साली आदेश काढलेला आहे. विकत घेताना भारतीय मानक ब्यूरोची खूण पाहून घ्यावी.

कोठे बांधावे

वस्तू चांगली असून जागा चुकली तर पैसा वाया जातो. या बाबतीत दोन गोष्टी बहुतेकांस ठाऊक नाहीत.

पहिली अशी की, मोटारीचा खाली वळविलेला झोत जमिनीलगत पसरतो. तो सायकलस्वाराच्या पायांवर आधी पडतो व डोक्यापर्यंत उशिरा पोहोचतो. म्हणून डोक्यावरील पांढऱ्या टोपीपेक्षा पायांतील पांढरे धोतर रात्री अधिक उपयोगी. दुसरी अशी की, मनुष्याची नजर हालचाल ओळखण्यात फार तरबेज आहे. स्वीडनमधील गुन्नर योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिले की, अंधारात मनुष्याच्या केवळ सांध्यांवर बारीक दिवे लावले आणि तो चालू लागला, तर बाकी काही न दिसता पाहणारा तत्काळ ‘हा मनुष्य आहे’ असे ओळखतो. एखादा स्थिर ठिपका मैलाचा दगड, खांब किंवा फाटकाची खूण वाटू शकतो; परंतु खाली-वर फिरणारे दोन ठिपके पाहताच पायडल मारणारा मनुष्य ध्यानात येतो.

याची प्रत्यक्ष परीक्षा ऑस्ट्रेलियात बंद मार्गावर रात्री घेतली गेली व तिचा निकाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काळ्या कपड्यांतील सायकलस्वार चालकांनी शेकडा केवळ २ वेळा ओळखला. दिवसा डोळ्यांत भरणारा झगझगीत पिवळा अंगरखा असता शेकडा १५ वेळा. कारण ती झगमग सूर्यप्रकाशातील अदृश्य किरणांवर अवलंबून असते व रात्री ते किरण नसतात. परावर्तक पट्ट्यांचे जाकीट असता शेकडा ५० वेळा. आणि त्याच जाकिटाबरोबर घोट्यांस व गुडघ्यांस चमकत्या पट्ट्या बांधल्या असता शेकडा ९० वेळा. घोट्यावर बांधलेल्या चार बोटे रुंद पट्टीची किंमत यावरून समजावी.

आता करावयाच्या गोष्टी क्रमाने देतो.

(१) मागे लाल दिवा. हा सर्वांत महत्त्वाचा. चकती फक्त तिच्यावर झोत पडला तरच दिसते. वळणावर किंवा ज्याचे दिवेच मंद आहेत अशा वाहनाला ती दिसत नाही. दिवा स्वतःच्या बळावर दिसतो. लुकलुकणारा दिवा लक्ष चटकन वेधतो, परंतु अंतराचा अंदाज स्थिर दिव्यावरून अधिक चांगला येतो; म्हणून एकच घ्यावयाचा तर स्थिर ठेवावा.

(२) पुढे पांढरा दिवा, झोत किंचित खाली. पुढे पांढरा व मागे लाल ही रीत कधी मोडू नये. पांढरा उजेड म्हणजे येणारा व लाल म्हणजे जाणारा, असे चालकाचे मन न बोलता समजते. पुष्कळ गडी डोक्याला बांधावयाची बॅटरी लावून सायकल चालवितात. तिने खड्डा दिसतो हे खरे, परंतु मागून येणाऱ्यास तिचा काही उपयोग नाही, आणि मान वळविताच समोरच्याचे डोळे दिपतात. मोबाईलची बॅटरी हातात धरून एका हाताने सायकल चालविणे तर याहून वाईट.

(३) मागे लाल चकती, दोन्ही पायडलांस पिवळ्या चकत्या व चाकांच्या आरांत बाजूने दिसणाऱ्या चकत्या. मागील चकती उभी व रस्त्याशी काटकोनात असावी; वाकलेली चकती उजेड परत करते तो भलत्याच दिशेस.

(४) ओझ्याचा विचार. आपल्या सायकलीवर वैरणीचा भारा, पोते किंवा किटल्या असतात व कॅरिअरखालील दिवा आणि चकती त्यांमागे पूर्ण झाकली जाते. तेव्हा एक चकती मडगार्डच्या अगदी खालच्या टोकास, जेथे जुन्या काळ्या सायकलींना पांढरा पट्टा रंगविलेला असे तेथे, बसवावी. आणि एक चमकती पट्टी दोरीला शिवून ठेवावी, म्हणजे भारा बांधताना ती आपोआप सर्वांच्या मागे येईल. किटल्यांच्या मागील अंगास पट्टी चिकटविणेही चांगले.

(५) सफाई. चिखलाने माखलेली चकती व नसलेली चकती सारखीच. पावसाळ्यात रोज, एरव्ही आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावी.

(६) दोन वाहने समोरासमोर येऊन एकमेकांस ओलांडीत असतील तो क्षण सर्वांत घातक, कारण त्या वेळी दोन्ही चालक दिपलेले असतात. शक्य असेल तर त्या क्षणी सायकल कडेला घेऊन पाय टेकावा. सायकल नेहमी डाव्या बाजूनेच चालवावी. पायी चालणाऱ्याने मात्र, जेथे पदपथ नाही तेथे, उजव्या कडेने व येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून चालावे.

दिवा केवळ रात्रीच उपयोगी, असेही नाही. डेन्मार्कमधील ओडेन्से शहरात २००४-०५ साली ३,८४५ सायकलस्वारांवर एक प्रयोग झाला. त्यांपैकी काहींच्या सायकलींना चाकावरील चुंबकांच्या बळावर, घर्षणाशिवाय, रात्रंदिवस पेटत राहणारे दिवे दिले. वर्षभरात त्या मंडळींचे इजा झालेले अपघात इतरांपेक्षा शेकडा १९ ने कमी भरले. आपल्याकडे धुक्याची पहाट व श्रावणातील झडीची संध्याकाळ यांना दिवस म्हणणे कठीण. त्या वेळी दिवा अवश्य लावावा.

बैलगाडी व ट्रॉली

हाच न्याय उसाच्या बैलगाडीस लागू आहे. पूर्वी गाडीखाली कंदील टांगण्याची चाल होती व तो हेलकावे खात असल्यामुळे मागून येणाऱ्यास लवकर दिसे. आज मोटारीच्या झगझगाटापुढे कंदील पुरत नाही. गाडीच्या मागील आडव्या लाकडास दोन्ही टोकांवर लाल चकत्या व चाकांवर पट्टी असावी. मात्र ऊस मागे लोंबून त्यांना झाकणार नाही याची काळजी घ्यावी. ट्रॉलीच्या मागील दिव्यांची हीच दशा वाढ्यांमुळे होते. ज्याचा ऊस आहे त्याने गाडी शेतातून निघण्यापूर्वी मागे जाऊन एकदा पाहावे. वजनकाट्यावर आपण जितके लक्ष देतो त्याच्या दहाव्या हिश्श्याने हे काम होते.

मालकाचे कर्तव्य

येथवर सायकलस्वाराने काय करावे ते सांगितले. परंतु हे मासिक सालगड्याच्या हाती पडत नाही, मालकाच्या हाती पडते. म्हणून शेवटचे चार शब्द मालकांस उद्देशून आहेत.

धडक देऊन वाहन पळून गेल्यास मयताच्या वारसांस दोन लाख रुपये व गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये देण्याची केंद्र सरकारची योजना १ एप्रिल २०२२ पासून अमलात आहे. तिचा दावा महसूल खात्याच्या उपविभागीय अधिकाऱ्यामार्फत किंवा तहसीलदारामार्फत चौकशीस जातो. कोणाच्या घरी असा प्रसंग ओढवला असेल तर पोलिसांचा पहिला खबरी अहवाल, पंचनामा व शवविच्छेदनाचा दाखला जपून ठेवून तेथे अर्ज करावा. ‘वाहन सापडले नाही, आता काय मिळणार’ असे म्हणून बसून राहू नये.

परंतु प्रस्तुत लेखकाने जन्मभर कागद हाताळले आहेत व कागदाने काय भरून येते आणि काय येत नाही हे तो जाणतो. खातेदार मेला म्हणजे वारसाची नोंद होते. फेरफाराच्या वहीत त्याचे नाव, मृत्यूची तारीख व मुलांची नावे येतात आणि ती वही पुढील पिढ्यांस पाहावयास मिळते. रात्री पंप चालू करण्यास निघालेला गडी रस्त्यावर मेला, तर त्याच्या नावे जमीन नसल्यामुळे त्या वहीत त्याची एक ओळही पडत नाही. ज्या शेतास पाणी देण्यास तो निघाला होता, त्या शेताच्या सातबारावर त्या वर्षी पीक लागलेले दिसते, इतकेच.

मागचा दिवा, चकत्या, घोट्यांच्या पट्ट्या हे सर्व मिळून युरियाच्या तीन-चार गोणींच्या किमतीत येते व काही वर्षे टिकते. खत दिले नाही तर पीक एक हंगाम कमी येईल. गडी ही वस्तू स्वतः होऊन विकत घेईल अशी आशा करू नये. रात्री त्याला पाठविणारे आपण आहोत, तेव्हा दिवाही आपणच दिला पाहिजे. टिकाव, फावडे व पावसाळी खोळ आपण देतो तशीच ही एक वस्तू समजावी, आणि ती बिघडली असता दुरुस्त होईपर्यंत त्याला रात्री पाठवू नये.

ज्यांना हे सर्व अतिशयोक्तीचे वाटेल त्यांनी वाद न घालता एकच करावे. आज रात्री गडी सायकलीवर निघेल तेव्हा त्याला गुंठ्याच्या पाच बाजू, म्हणजे सुमारे पासष्ट पावले, पुढे जाऊ द्यावे. मग मोटारसायकलीचा दिवा खाली वळवून लावावा व मागे उभे राहून तो कितपत दिसतो ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. दिसला नाही, तर त्याला हाक मारून परत बोलवावे.